झाडं नणंदेची, शेत वहिनीचं

नंदुरबारला निघालोय म्हटल्यावर आमच्या राजापुरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "तिकडं बघण्यासारखं आहे तरी काय?" आमच्या हिनं काहीच विचारलं नाही. तिनं डब्यात चार भाकऱ्या जास्त बांधल्या आणि पिशवीत गुडघ्याचं तेल टाकलं. सदतीस वर्षं मी सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. लोकांच्या बांधांवरून चालण्यात आणि त्यांची भांडणं ऐकण्यात जन्म गेला. त्यामुळे बघण्यासारखं म्हणजे माझ्या लेखी जमीन, आणि ती कुठं नसते? लोक देवळं बघतात, मी बांध बघतो. गुडघ्यांना हे पटत नाही, पण त्यांना विचारून मी कधीच काही केलेलं नाही.

नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं मी तापीकाठी होतो. तेव्हा ज्यांच्या ओसरीवरच्या खोलीत राहायचो ते दशरथभाई पाटील, केळी-उसाचे मोठे बागायतदार. गेल्या वर्षी होळी झाल्यावर त्यांचा फोन आला.

"मोजणीदार, जित्ता शे ना? मंग ये. एक माउलीना वावरनं काम शे, तुन्हाबिगर ते होनार नही."

ती माउली म्हणजे रुमलीबाई. वर सातपुड्यात, मणिबेलीच्या बाजूला नर्मदेवरच्या एका पाड्यात राहते. तिची सून सुरेखा दरवर्षी दशरथभाईंकडे कापूस वेचायला येते, तिनंच सगळं सांगितलं होतं. रुमलीबाईचं नदीकाठचं काळं शेत धरणाच्या पाण्यात गेलं. उरलं ते डोंगरउतारावरचं एकच शेत. ते पिढ्यान् पिढ्या तिच्या घरचं, पण कागदावर जंगल. वनहक्काचा दावा केला, तो फेटाळला गेला. कारणं दोन. आकाशातून काढलेल्या चित्रात त्या जागी शेत नाही, झाडांचे शेंडे दिसतात. आणि जबाबात रुमलीबाईनं स्वतःच सांगितलं, की तिथली मोहाची झाडं तिच्या नणंदेची आहेत. लिहिणाऱ्यानं लिहून टाकलं, जमीन नणंदेची. आता अपिलावर फेरपाहणी होणार होती, आणि ही शेवटची. या वेळी नाही म्हटलं गेलं तर येत्या पावसाळ्यात त्या शेतात नांगर घालायची सोय उरणार नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

प्रकाशा

तापी आणि गोमाईच्या संगमावर सकाळी पोचलो. नदी बंधाऱ्यानं अडवलेली, पाणी तुडुंब, आणि दोन्ही अंगांना केळी. मी इथं होतो तेव्हा कापूस आणि ज्वारी जास्त असायची. आता केळीच्या बुंध्यांपाशी काळ्या नळ्या पसरलेल्या आणि त्यातून थेंब थेंब पाणी. दशरथभाईंनी चहा व्हायच्या आधीच मला शेतात नेलं. ऐंशीला टेकलेला माणूस, पण चालताना मला मागं टाकतो.

"देख, एक बी झाड नही," ते अभिमानानं म्हणाले. "मन्हा आजानी मुळे खंदी काढ्यात, मन्हा बापनी वावर सपाट करं. सावलीमा केळी येस का?"

खरोखर, नजर जाईल तिथवर जमीन परातीसारखी सपाट होती. त्यांचे पूर्वज गुजरातेतून बैलगाड्यांनी आले, झुडपं तोडली, विहिरी खोदल्या आणि ही जमीन घडवली. एवढं सगळं माणसांनी हातानं केलंय हे बघून मला नेहमीच भारावल्यासारखं होतं, तसं याही वेळी झालं. मग पलीकडच्या तुकड्यात गेलो, तर तिथं केळीच्या पाच-सहा ओळींतली खोडं आडवी झोपलेली. आठवड्यापूर्वी वारं सुटलं होतं. अडवायला मध्ये काही नव्हतंच. दशरथभाई दुसरीकडे बघत होते.

दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि वर तेलाचा तवंग. आमच्याकडं कोकणात आमटीत ओलं खोबरं पडतं, इथं मिरची पडते, आणि डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय यजमान समाधान पावत नाही. जेवताना दशरथभाईंनी त्यांचं मत सांगून टाकलं.

"त्या लोके वावरमा झाडे ठेवतस, म्हनीसन हाऊ घोटाया व्हयना. मी सांगं त्या माउलीले, तीन झाडे तोडी टाक, काम सोपं होई. तर ती मन्हावरच चिडनी! तू सांगी देख."

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. तीन झाडांपायी शेत घालवायचं हा कुठला शहाणपणा, असं मनात म्हणतच मी झोपलो.

खापर

खापरला बाजाराचा दिवस होता. सुरेखा तिथं मला घ्यायला आली होती. बावीस-तेवीस वर्षांची, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला चटपटीत. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे दाव्याची सगळी फाइल हिच्या पिशवीत. बाजारात आमचूर, सुक्या मिरच्या, मासे पकडायची जाळी आणि मोबाइलची कव्हरं शेजारी शेजारी होती. माल बघता बघता विक्रेता गुजरातीतून अहिराणीत आणि तिथून भिलीत जात होता, आणि गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग. मी फक्त किंमत विचारली तरी लोकांना कळायचं, की हा लांबचा आहे.

"काका, परवा पाहणी," सुरेखा म्हणाली. "मी आईला खूप सांगितलं, झाडं काढून टाकू. कुऱ्हाड पण घेतली हातात. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"मी सांगतो तिला," मी म्हणालो. अनुभवी माणसाचा आवाज मला चांगला काढता येतो.

पाण्यावरून

जीप डोंगरातून उतरून धरणाच्या पाण्याशी थांबली. पुढं बोट. इंजिनाची फटफट आणि निळंहिरवं पाणी, दोन्ही बाजूंना उघडे पडलेले डोंगर. मध्येच पाण्यातून वाळलेल्या झाडांची काळी टोकं वर आलेली. सुरेखानं एका ठिकाणी बोट दाखवलं. "इथं खाली आमचं शेत होतं. आई सांगते, ज्वारीत माणूस दिसायचा नाही." मी वाकून पाणी बघितलं. अर्थात काही दिसलं नाही. मोजणीच्या नकाशावर असलेली जमीन पाण्याखाली असणं हे मला कधीच नीट गिळता आलेलं नाही, त्या दिवशीही नाही.

उन्हाळ्याकडं पाणी हटायला लागलं की काठावर गाळ उघडा पडतो. लोक त्या गाळातही पेरतात. हरभऱ्याची काढणी नुकतीच झालेली दिसत होती. आपली जमीन गेली त्याच पाण्याच्या काठावर, ते मागं सरेल तसं दाणे टाकत पुढं जायचं, याला काय म्हणावं मला कळेना. मी ते कौतुकानं बघत बोटीतून उतरलो आणि डावा पाय ढोपरापर्यंत गाळात गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. सुरेखा आणि बोटवाला दोघांनी हात घालून शोधली. बोटवाला म्हणाला, "राहू द्या साहेब, आता ती पुढच्या वर्षी उगवेल." पुढची चढण मी एक चप्पल आणि एक गाळाचा मोजा अशी चढलो.

पाडा

रुमलीबाई दारातच उभी होती. साठी उलटलेली, बारीक चणीची, हातात चांदीची जाड कडी. तिनं आधी माझे पाय बघितले, आत गेली आणि टायरच्या जुन्या वहाणा आणून पुढ्यात ठेवल्या. तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या. मला त्या बरोबर बसल्या. बाजारापुरतं मराठी तिला येत होतं, बाकीचं सुरेखा सांगायची.

मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि त्यात आमचूर असं जेवलो आणि लगेच शेत बघायला गेलो. शेत म्हणजे उताराला आडवी बांधलेली दगडांची रांग, तिच्यामागं मातीचा पट्टा, मग खाली पुन्हा रांग, पुन्हा पट्टा. अशा सात-आठ पायऱ्या. आमच्याकडं अशा दगडी बांधाला गडगा म्हणतात, पण तो आम्ही गुरं आणि भाऊबंद अडवायला घालतो. इथं तो माती अडवायला होता. पावसात डोंगरावरून वाहून येणारी माती दगडांपाशी थांबते आणि शेत तयार होतं. खालून तिसऱ्या पट्ट्यात ती तीन मोहाची झाडं. थोरली, पसरलेली, पानं झडून शेंड्यांवर फुलांचे घोस. आकाशातून बघणाऱ्याला इथं जंगल दिसणार नाही तर काय दिसणार?

मी घसा साफ केला आणि माझं अनुभवाचं भाषण सुरू केलं. एवढी तीन झाडं वेळेवर तोडली असती तर दावा मागंच मंजूर झाला असता, अजूनही वेळ गेलेली नाही, वगैरे. सुरेखा खाली मान घालून ऐकत होती. माझं संपल्यावर रुमलीबाई शांतपणे म्हणाली, "झाडं माझी नाय. बजरीची. दुसऱ्याचं झाड कसं तोडू?"

"अहो, पण शेत तुमचं ना?"

"शेत माझं. झाड तिचं."

"पण ते शेत जाईल!"

"तू तुझ्या गावात दुसऱ्याचं झाड तोडतो?"

तो प्रश्न मला झोंबला. कारण आहे, ते सांगतोच.

राजापूरला माझ्या घरामागच्या परड्यात एक फणस आहे. जमीन माझी, फणस माझ्या चुलतभावाचा, अण्णाचा. आजोबांनी वाटणी करताना तसं ठरवलं होतं, आणि आमच्या कोकणात हे नवलाचं नाही. पण वडील गेल्यावर मी म्हणालो, परड्यात सारखं कुणी येऊ नये. अण्णा म्हणाला, फणस माझा, मी येणार. कोर्टात गेलो. निकाल त्याच्या बाजूनं लागला, तरी मी वाटेवर काटेरी कुंपण घातलं. फणस पिकतो, झाडावरच फुटतो, खाली पडतो आणि कुजतो. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघे भाऊ एका आळीत राहून बोलत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या तंट्यात निवाडा करणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बजरीबाईला बघितली. रुमलीबाईची ही नणंद दरीपलीकडच्या पाड्यात दिलेली. दरवर्षी फुलं गळायला लागली की ती इथं येते आणि आठ-दहा दिवस भावजयीकडंच राहते. रुमलीबाईपेक्षा थोरली, पाठीत वाकलेली, पण फुलं वेचताना कंबर सरळ करायची तिला गरजच नव्हती. झाडांखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली. त्यावर फिकट पिवळी, रसानं टरारलेली फुलं टपटप पडत होती, आणि सगळ्या शेतात गोड, डोकं जड करणारा वास. दोघी जणी आणि सुरेखा वेचत होत्या. मीही बसलो. माझी मूठभर होईपर्यंत त्यांची टोपली भरायची.

पहिली टोपली भरली तशी बजरीबाई ती घेऊन रुमलीबाईच्या घराकडं गेली आणि उंबऱ्यावर ओतून आली. लगेच दुसरी भरायला लागली.

"हे काय?" मी सुरेखाला विचारलं.

"पहिली टोपली शेताची, काका. झाड आत्याचं आहे, पण उभं आमच्या मातीत आहे ना. मग बाकी सगळं तिचं."

"आणि ही झाडं तिला दिली कोणी?"

हे सुरेखानं भिलीत विचारलं. बजरीबाई बसल्या जागी हसली, हातानं उंची दाखवत बराच वेळ बोलली. सुरेखानं सांगितलं, "तिच्या बापानं दिली. लग्नात. बाप म्हणाला, तिसऱ्या बांधावरची तीन झाडं तुझी. तेव्हा रुमलीआई या घरात आलीसुद्धा नव्हती."

मी हातातली फुलं खाली ठेवली. तिसऱ्या बांधावरची! म्हणजे बजरीबाईच्या लग्नाच्या वेळी तिसरा बांध होता. बांध होता म्हणजे शेत होतं. ज्या वाक्यानं दावा बुडाला होता तेच वाक्य खरं तर दाव्याचा पुरावा होतं, आणि आजवर कोणी ते पुरं ऐकून घेतलंच नव्हतं. मला एकदम चाळीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. मी कुदळ मागितली.

तिसऱ्या बांधाला लागून वरच्या अंगाला खड्डा घ्यायचा असं ठरवलं. जमिनीच्या वर दगडांचे दोन थर दिसत होते. मला बघायचं होतं, खाली किती आहेत. सुरेखानं खणलं, मी सूचना दिल्या, म्हणजे मुख्यतः तिच्या मध्ये मध्ये आलो. हातभर खाली तिसरा थर लागला. मग चौथा, मग पाचवा. कमरेपर्यंत खड्डा झाला तेव्हा सहावा थर लागला, आणि त्याच्याखाली मुरूम. माती भरत गेली, बांध बुडत गेला, तसा कोणीतरी वर नवा थर चढवत गेलं. एका पिढीला ही एवढी माती साठत नाही.

रुमलीबाई खड्ड्याच्या काठावर बसून खाली बघत होती. तिनंही हे कधी बघितलं नव्हतं. वरून पहिल्या थरावर हात ठेवून ती म्हणाली, "हा माझा." दुसऱ्याकडं बोट केलं, "सासूचा." तिसऱ्याकडं, "तिच्या सासूचा, ती सांगायची." खालच्या तिन्ही थरांकडं तिनं नुसतं बघितलं. मग पदरानं डोळे पुसले आणि सुरेखाला सांगितलं, खड्डा आज बुजवायचा नाही, साहेबाला बघू दे.

पाहणी

साहेब दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आले. तिशीचा मुलगा, बोट लागलेला, सोबत एक शिपाई आणि हातात जागा मोजायचं यंत्र. मला भांडखोर साहेबाची अपेक्षा होती, मी तशी तयारीही केली होती, पण हा भला निघाला. पाणी प्यायला, फाइल वाचली आणि शेताच्या कडेनं चालायला लागला. रुमलीबाई पुढं, तो मागं. प्रत्येक कोपऱ्यावर ती थांबायची आणि पायानं दगड दाखवायची. हद्द तिला पाठ होती. मी मागून माझ्या वहाणा ओढत होतो.

झाडांपाशी तो थांबला. "चित्रात हीच दिसतात. काका, हे शेतच आहे कशावरून? झाडं काढून नंतर पेरलं असेल."

"झाडं काढलेली नाहीत, ठेवलेली आहेत," मी म्हणालो. "आणि इकडं या."

खड्ड्यात तो स्वतः उतरला. थर मोजले, टेपनं खोली घेतली, फोटो काढले. मग वर येऊन बजरीबाईला विचारलं. ती बसूनच बोलली, बाप, लग्न, तिसरा बांध, सगळं. सुरेखानं शब्दन् शब्द सांगितला. साहेबानं पेन काढलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पंचनामा लिहून झाला. त्यानं तो वाचून दाखवला. जमीन पूर्वापार कसलेली, बांध जुने, वयस्कर साक्षीदाराचा जबाब. आणि शेवटी, "शेतात तीन मोहाची झाडं, दावेदाराच्या मालकीची."

सुरेखानं भिलीत सांगितलं तशी रुमलीबाईनं हात मागं घेतला. अंगठ्याला शाई लागली होती.

"नाय. झाडं बजरीची. तसं लिवा."

"आजी, मी मुद्दाम असं लिहिलंय," साहेब समजावत म्हणाला. "मागच्या वेळी तिचं नाव आलं म्हणूनच घोटाळा झाला. दुसऱ्याचं नाव दिसलं की वरचे पुन्हा विचारतील, शेत नक्की कोणाचं."

"लिही, लिही," बजरीबाई म्हणाली. तिला कळलं होतं. "मी म्हातारी. मला काय करायचं?"

"तुझ्या पोरींना लागतील," रुमलीबाई तिच्यावर खेकसली, आणि साहेबाकडं वळली. "खोटं लिवून शेत नको."

सुरेखा रडकुंडीला आली. "आई, दे ना अंगठा! शेत जाईल गं!"

मी रुमलीबाईच्या कानाशी लागलो, म्हटलं बाई, कागदावर काही असलं तरी फुलं बजरीबाईच वेचणार ना? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला माझं काटेरी कुंपण आठवलं. कागदावर नाव नसलं की पुढची पिढी काय करते, हे तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक असायला हवं होतं. माझ्या बाबतीत तर अण्णाचं नाव असूनही मी त्याला अडवलंच. रुमलीबाई शाईचा अंगठा वर धरून तशीच उभी राहिली. ऊन रणरणत होतं. बोटवाल्यानं खालून दोनदा हाक दिली, साहेबानं घड्याळ बघितलं. ती हलली नाही.

तेव्हा मला सुचलं, आणि इतका उशीर का लागला याचं अजून वाईट वाटतं. आमच्या फणसाचं काय लिहिलंय? सातबारावर जमीन माझ्या नावानं आहे, आणि इतर हक्क म्हणून जो रकाना असतो त्यात अण्णाचं नाव. तीच नोंद खोडून घ्यायला मी कोर्टात गेलो होतो, आणि आता तिच्याच आधारानं बोलायला उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, हे आमच्या कोकणात घरोघर आहे. कागदाला ते माहीत आहे. जमीन रुमलीबाईची असं लिहा. खाली वेगळी ओळ करा, इतर हक्क, तीन मोहाची झाडं, बजरीबाई, बापानं लग्नात दिली, तिसऱ्या बांधावरची. बापानं दिली तेव्हा बांध होता, हे त्याच ओळीत येतं. वरच्यांनी विचारलं तर ती ओळ तुमच्याच बाजूनं बोलेल."

साहेब थोडा वेळ पेनचं टोपण चावत बसला. मग त्यानं तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं. शेवटची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली आणि सुरेखानं भिलीत सांगितली. रुमलीबाईनं ती आणखी एकदा वाचायला लावली. तोवर अंगठ्यावरची शाई वाळली होती. शिपायानं पुन्हा शाई लावली, आणि तिनं अंगठा असा दाबला की कागद फाटतो की काय. बजरीबाईचा साक्षीदार म्हणून, मग माझी सही. साहेब जाताना म्हणाला, "मी लिहिलं तसं. पुढचं माझ्या हातात नाही." ते खरं होतं.

मी दुपारनंतरच्या बोटीनं निघालो. टायरच्या वहाणा परत करायला लागलो तर रुमलीबाईनं घेतल्या नाहीत. "चालत जायचं तुला," एवढंच म्हणाली.

घरी

प्रकाशाला दशरथभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आडव्या झोपलेल्या केळींकडं बघितलं. मग म्हणाले, "बांधवर शेवगा लावाना इचार शे. वाराले आडोसा व्हई." मी हसलो नाही. हसलो असतो तर त्यांनी लावला नसता.

राजापूरला आल्यावर आठवड्याच्या आत मी कुंपण काढलं. कोयता चालवताना हाताला काटे लागले, त्याबद्दल तक्रार करायला तोंड नव्हतं. वैशाखात फणस पिकले तेव्हा हिच्याकरवी अण्णाला निरोप दिला. अण्णा आला. माझ्याकडं न बघता झाडावर चढला, आमच्या दोघांच्या वयात चढू नये तसा. सगळे फणस उतरवले, डोक्यावरून नेले. शेवटचा, सगळ्यात मोठा, माझ्या पायरीवर ठेवून गेला. त्याला रुमलीबाईच्या उंबऱ्याविषयी मी काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघं नवराबायको गरे खात बसलो आणि ही म्हणाली, उद्या त्याला जेवायला बोलवा.

नंदुरबारहून मात्र काही कळेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सुरेखा फोनवर सांगायची, फाइल वर गेली आहे, खाली आली आहे, पुन्हा वर गेली आहे. शेत त्यांनी त्या पावसाळ्यात पेरलं, कोणाला विचारलं नाही.

परवा, पुन्हा मोहाची फुलं गळायच्या दिवसांत, तिचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं.

"काका, कागद आला. आईच्या नावानं."

मग मी मोजणीदाराचा प्रश्न विचारला, क्षेत्र किती धरलंय?

"थोडं कमी धरलंय. वरचा चढ सोडला. आईनं ते विचारलंच नाही. आधी शेवटची ओळ वाचायला लावली. आत्याचं नाव आहे, काका. तीन झाडं, तिसरा बांध, सगळं आहे."

"तिला दे जरा फोन."

"ती नाही इथं. शेतात गेली." सुरेखा हसली. "बांधावर सातवा थर लावतेय."